अर्थाला पाणी

काल पप्पांनी माळ्यावरून कूलर खाली काढला आणि मला ते बघवलं न्हाई.

बाकी सगळ्यांना बरं वाटतं. कूलर निघाला, जुनं काळं पडलेलं गवत उपसून फेकलं, नवीन पिवळं गवत जाळीत बसवलं आणि त्यावर पहिलं पाणी पडलं, की घरभर एक वास सुटतो. ओल्या लाकडाचा, थोडा मातीचा, थोडा गोडसर. आमच्या बदनापुरात एप्रिलच्या दुपारी चार घरं ओलांडून गेलं तरी तोच वास येतो, आणि त्या वासात लोकं गाढ झोपतात. मला मात्र त्या वासानं माझा कॉम्प्युटर आठवतो. मागच्या उन्हाळ्यातला, सारखा बंद पडणारा.

हे सगळं मी मोबाईलवर टाईप करून राह्यले, दोन अंगठ्यांनी, भराभर, म्हणून काही चुकलं तर सांभाळून घ्या. कॉम्प्युटर समोरच आहे. चालू आहे. पण त्याला हात लावायची हिंमत न्हाई. त्याच्यात माझी फिल्म शिजून राह्यली. रेंडर म्हणतात त्याला, पण आईला सांगताना मी शिजणं म्हणते, कारण ते कुकरसारखंच असतं. आपण सगळं चिरून, मीठमिरची टाकून झाकण लावायचं आणि मंग तास न् तास नुसतं बसून राह्यचं. मधी गॅस गेला तर सगळं कच्चं. सध्या एकसष्ट टक्के झालंय. परवा शेवटची तारीख आहे.

फिल्म तीन मिनिटांची आहे. टँकर यायच्या आधी आमच्या गल्लीतले निळे ड्रम आपापले उठतात आणि लाईनीत जाऊन उभे राहतात. माणसं घरात घोरत असतात आणि बाहेर ड्रमांची भांडणं. मी पहिला, तू मागून आला, तुझं झाकण कुठंय. प्रत्येक ड्रमाच्या कानाला ओळखीची चिंधी बांधलेली, आमच्या खऱ्या ड्रमाला माझ्या जुन्या नारंगी ओढणीचा तुकडा आहे तसा. ही फिल्म पुण्याच्या एका अ‍ॅनिमेशनच्या कॉलेजला पाठवायची. आवडली तर मुलाखतीला बोलावतात. बारावीनंतर मी पप्पांकडून एक वर्ष मागून घेतल्तं. पप्पा म्हणले होते, "एक वर्ष. जमलं तर तुझं पुणं. न्हाई जमलं तर गुपचूप डी.एड."

ते एक वर्ष म्हणजे मागचं वर्ष.

कॉम्प्युटर मी स्वतः जोडला होता. म्हणजे अगदी एकटीनं न्हाई. जालन्याला एका गल्लीत, जिन्याखाली शकीलभाईंचं दुकान आहे, इतकं लहान की गिऱ्हाईक आत आलं की शकीलभाईंना पाय वर घ्यावे लागतात. पप्पा जालन्याच्या एका बियाण्याच्या गोडाऊनला कामाला, रोज रेल्वेनं जाणं-येणं, त्यांच्याच ओळखीनं मी तिथं गेल्ते. मी शिकवण्या घेऊन एक-एक पार्ट आणायची. आधी डबा आला, कॅबिनेट म्हणतात तो, सेकंडहँड, त्यावर कोण्या पोरानं वाघाचं स्टिकर चिकटवलेलं, ते अजून निघालं न्हाई. मंग बोर्ड आला, मंग रॅम. सगळ्यात शेवटी ग्राफिक कार्ड, त्या दिवशी मी गाडीत ते मांडीवर घेऊन बसल्ते आणि कोणाचा धक्का लागू नये म्हणून कोपर बाहेर काढून ठेवल्तं. शकीलभाईंनी मला बटन दाबायला लावलं होतं. "तूच दाब बेटा, तेरी मशीन है." पंखे फिरले, लाईट लागली. मी ओढणीनं डोळे पुसले आणि ते म्हणले, "अब रोना मत, बोर्ड पे पानी गिरेगा."

दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत तो बिलकुल बराबर चालला. मार्चच्या शेवटाला पहिल्यांदा बंद पडला. टक्क. काही सूचना न्हाई, काही निळा पडदा न्हाई, नुसता काळोख, आणि दोन सेकंदांनी आपलाआप परत चालू, जसं काही झालंच न्हाई. फिल्म चौदा टक्क्यांवर होती.

मंग माझा तो उन्हाळा सुरू झाला.

कपाटाच्या दाराला आतून मी कागद चिकटवला. वर लिहिलं, संशयित. रॅम. ग्राफिक कार्ड. हार्ड डिस्क. वीज देणारा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात. आणि सगळ्यात खाली, भीत भीत, बोर्ड. रॅम काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, परत बसवली. चालला. मी नाचले. दीड तासानं टक्क. प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असंल म्हणून पुसून नवीन लावली, टूथपेस्ट लावल्यासारखी, वाटाण्याएवढी. चालला. टक्क. ग्राफिक कार्ड काढून साध्यावर चालवला, त्यात तर फिल्म शिजायला दिवाळी उजाडली असती, तरी बसले. टक्क. व्हिडिओ बघून बघून मला परदेशातल्या पोरांचे आवाज ओळखू यायला लागले. ते एसीत बसून सांगायचे, आधी हात कोरडे करा. इथं माझ्या नाकावरून घाम थेट बोर्डावर, मी कपाळाला आईचा जुना रुमाल बांधून बसायची. एकदा एक बारका स्क्रू पडला आणि मी अर्धा दिवस पोटावर झोपून बॅटरीनं फरशी शोधली. तो माझ्या केसात सापडला.

सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा सांगू का. तो मरत नव्हता. मेला असता तर कळलं असतं. हा चालायचा, आशा लावायचा, आणि बरोबर आपण चहा ठेवायला उठलो की जायचा. प्रत्येक चित्र वेगळं साठवलं की जिथं थांबलं तिथून पुढं नेता येतं, हे मला माहीत होतं, तसंच करत होते. पण सारखं टक्क होऊन होऊन डिस्क बिघडायला लागली, कालची साठवलेली चित्रं आज उघडायची न्हाईत. पुढं जायचं चार पावलं आणि मागं सहा.

आई स्वयंपाकघरातून विचारायची, "गेला का गं?"

"गेला."

"कूलर बंद करू का?"

कूलर बंद करून पण पाह्यलं होतं. तासभर जास्त टिकला, मंग टक्क. म्हणून कूलरचं नाव मी संशयितात लिहिलंच न्हाई. आणि कूलर चालू केला की बल्ब पिवळा व्हायचा, पंखा सुस्त व्हायचा, पण ते कोणाच्या घरी होत न्हाई? लाईट कमी आहे म्हणायचं आणि सोडून द्यायचं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, फ्रिजला पण यायच्या. त्यावर आमच्याकडं उपाय ठरलेला होता. दारात रबरी चप्पल ठेवलेली, ती घालायची. आई म्हणायची, "चप्पल घालून बस, तुझा कॉम्प्युटर चावतो."

मी तीन वेळा तो जालन्याला नेला. गोधडीत गुंडाळून, पॅसेंजरनं. दुसऱ्या खेपेला समोर बसलेल्या एका मावशीनं विचारलं, "काय हाय गं पोरी एवढं जपून?"

"कॉम्प्युटर हाय मावशी."

"निजला व्हय?"

"हो ना. घरी उठतच न्हाई."

"मंग कुठं उठतो?"

"जालन्याला."

मावशी एवढी हसली, पण खरंच तेच होत होतं. शकीलभाईंच्या टेबलावर ठेवला की तो शहाण्या लेकरासारखा चालायचा. दोन तास, तीन तास, पूर्ण ताण देऊन. ते पाय वर घेऊन चहा प्यायचे आणि म्हणायचे, "देख, इधर तो घोडे जैसा दौड रहा. तेरे घर में कायकू लंगडता?" तिथंच त्यांनी माझी अर्धी फिल्म पाह्यली होती. ड्रम भांडतात ते बघून ते खुर्चीवरून पडायचे बाकी होते. "ये मोटा वाला ड्रम तो मेरी खाला है," म्हणले होते. खाला म्हणजे त्यांची मावशी. ते वाक्य मी किती दिवस मनात घोळवलं. घरच्यांच्या पलीकडं पहिल्यांदा कोणीतरी हसलं होतं.

चौदा एप्रिलची जयंती आठ दिवसांवर होती, शेवटची तारीख त्याच्यानंतर दोन दिवस. तिसऱ्या खेपेला मी मशीन त्यांच्याकडं ठेवून आले. फोनवर त्यांनी एकच विचारलं, "हाथ लगाया तो झटका देता क्या?" मी म्हणले, "झटका न्हाई, झिणझिण्या. चप्पल घालते मी." ते म्हणले, "अच्छा. पापा को भेज, उनसे बोलता."

मी एक मेसेज लिहून ठेवला होता. भाई, तुमच्याकडं चालतो तर दोन दिवस तुमच्याकडंच चालू ठेवता का, फिल्म तिथंच शिजू द्या, मी येऊन बसते. पाठवायला संकोच वाटत होता, त्यांना पाय ठेवायला जागा न्हाई. म्हणलं पप्पा मशीन घेऊन येऊ दे, ते काय म्हणतात ऐकते, मंग पाठवते.

पप्पा संध्याकाळच्या गाडीनं आले. गोधडी खाली ठेवली, तांब्याभर पाणी प्यायले, शर्टाची बटनं काढत पंख्याखाली बसले. मी उभीच.

"काय म्हणले शकीलभाई?"

"मशीन चांगली हाय म्हणले."

"मंग?"

"मंग काय. अर्थ न्हाई म्हणले."

"म्हणजे?"

"म्हणजे ह्याच्यात काही अर्थ न्हाई. कितीबी पार्ट बदला, खर्चा फुकट जातो. असंच म्हणले, दोनदा म्हणले." मंग माझ्या तोंडाकडं बघून ते हळू आवाजात म्हणले, "अनुभवी माणूस हाय बाळा. काहीतरी बघूनच बोलला असंल."

मी मेसेज पुसून टाकला.

कोणी म्हणलं असतं बोर्ड गेला, तर मी रडले असते आणि दुसरा बोर्ड शोधला असता. पण अर्थ न्हाई? ज्या माणसानं माझे ड्रम पाह्यले, जो हसला, त्यानं असं म्हणायचं? मंग ते हसणं काय होतं? मला वाटलं त्यांना फिल्मलाच बोलायचं असंल, मशीनचं निमित्त. मला वाटलं पप्पांना पण तेच बोलायचं होतं आणि त्यांना बाहेरचा माणूस मिळाला. अर्थ हा शब्द मी त्या आठवड्यात इतक्या वेळा मनात म्हणले की त्याचा नुसता आवाज राह्यला, फुटक्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. जयंतीच्या मिरवणुकीत सगळी गल्ली निळी झाली होती, मैत्रिणी हात ओढत होत्या, मी गच्चीवरून बघत राह्यले. दोन दिवसांनी तारीख गेली. काही आवाज झाला न्हाई. टक्कसुद्धा न्हाई.

पुढच्या आठवड्यात मी मशीन विकायला निघाले. परत गोधडी, परत पॅसेंजर. या वेळी कोपर बाहेर काढून बसले न्हाई, लागू दे धक्का.

शकीलभाई कोणाचा तरी लॅपटॉप उघडून बसले होते. न बघताच म्हणले, "आव इंजिनियर. हो गया काम?"

"विकायचा हाय."

त्यांनी वर पाह्यलं. "कायकू?"

"तुम्हीच म्हणले अर्थ न्हाई."

"हौ. तो किया के नहीं?"

"काय करायचं?"

"अर्थ."

त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि माझ्यासमोर भिंतीवरच्या बोर्डाकडं बोट केलं, तीन भोकांपैकी वरच्या मोठ्या भोकाकडं. "ये अर्थ. जमीन में जाता वो. तेरे घर में ये नहीं है, या सूख गया है. मैं पापा को दो बार बोला, भाऊ, घर में अर्थ नहीं, अर्थ नहीं तो पार्ट पे खर्चा फुकट."

मला आधी हसू आलं का रडू, आठवत न्हाई. बहुतेक काहीच न्हाई आलं. मी म्हणले, "भाई, त्याला आम्ही अर्थिंग म्हणतो."

"मेरे अब्बा वायरमन थे. वो अर्थ बोलते थे, मैं बी अर्थ बोलता." मंग त्यांच्या लक्षात आलं. ते एकदम खुर्चीत मागं टेकले, पाय वर घ्यायचं पण विसरले. "या अल्ला. तू समझी मैं तेरे पिच्चर को बोला?"

त्यांनी मला चहा पाजला आणि एक-एक विचारत गेले, डॉक्टर विचारतात तसं. बल्ब पिवळा पडतो? कूलर लावला की जास्त? फ्रिज पण झिणझिणतो? भिंतीवरच्या बोर्डात लाईट किती येते ते मोजलं का? मी न्हाई म्हणले. आख्खा कॉम्प्युटर मी सुटा केला, केसातला स्क्रू शोधला, आणि वायर ज्या भिंतीत जाते त्या भिंतीकडं एकदापण पाह्यलं न्हाई. ते म्हणले, मशीन घेऊन घरी जा, मेन बंद कर, जिथं अर्थिंगचा पाईप गाडलेला आहे तिथं दोन बादल्या पाणी टाक, मीठ टाकून. मंग चालू कर आणि बल्बकडं बघ. "बस बल्ब को देख. और खुला पाँव नक्को रखना उधर."

आमचा पाईप परसात जास्वंदीच्या बुडाशी आहे. मी जाऊन पाह्यलं तर जास्वंद वाळून काडी झालेली. मातीला बोटभर भेगा. आणि मला कळलं. आई भांड्याचं पाणी रोज जास्वंदीला टाकायची. मार्चमधी टँकर आठ दिवसांवर गेला तशी ती ते पाणी मोरीसाठी साठवायला लागली. फुलं बंद झाली, ते सगळ्यांनी पाह्यलं. जमीन बंद झाली, ते कोणी न्हाई.

"दोन बादल्या पाणी पायजे," मी आईला म्हणले.

"आंघोळ तर झाली तुझी."

"जमिनीत टाकायचंय."

टँकर यायला अजून तीन दिवस होते. आईनं माझ्याकडं असं पाह्यलं, जसं काही मी तिच्या गळ्यातलं मागितलं. "कोणाला पाजून राह्यली तू पाणी? मेलेल्या जास्वंदीला?"

"अर्थाला," मी म्हणले. मला दुसरा शब्दच सुचला न्हाई.

नारंगी चिंधीच्या ड्रमाचं झाकण आईनं स्वतः काढलं, बादली बुडवली, आणि मेन बंद केल्यावर स्वतःच ओतली, खाली न सांडता, पाईपाच्या कडेकडेनं. माती फसफसली. दुसरी बादली. मूठभर मीठ. मंग मी मेन चालू केला, कूलर लावला, आणि आम्ही दोघी भरदुपारी बल्बकडं तोंड वर करून उभ्या राह्यलो.

बल्ब पांढरा. कूलर सुसाट. मी वहाण काढून कॅबिनेटला बोट लावायला गेले तर आईनं हातावर चापट मारली.

संध्याकाळी पप्पा आले तेव्हा फिल्म तीस टक्के होती, आणि त्यांना सगळं सांगितल्यावर ते भिंतीला टेकून बसले. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात वादळानं खांबावरून येणाऱ्या दोन वायरींपैकी परतीची, म्हणजे न्यूट्रलची, वायर तुटल्ती. ओळखीच्या वायरमननं ती जमिनीतल्या पाईपाला जोडून दिली होती. म्हणला होता, सध्या अर्थिंगवर चालवा, लाईनमन आला की करू. ते 'सध्या' आठ महिने चाललं. ओल होती तोवर जमीन आमचं आख्खं घर ओढत होती, आणि वाळली तशी तिनं सोडून दिलं. पप्पांना हे माहीत होतं. अर्थिंग माहीत होतं. अर्थ तेवढा माहीत नव्हता.

"त्यांनी अर्थिंग म्हणायचं ना मंग," पप्पा म्हणले. मंग शर्टाची बटनं काढत, "म्या पण विचारायचं होतं."

दुसऱ्या दिवशी पप्पांनी गोडाऊनला सुट्टी टाकली आणि लाईनमनला घेऊन आले. खांबावर चढून त्यानं वायर जोडली. दहा मिनिटं. खाली उतरून तो आम्हालाच रागावला, की असं जमिनीवर घर चालवता, माणूस चिकटलं असतं म्हणजे? मी त्या दहा मिनिटांकडं बघत होते. माझं आख्खं वर्ष त्या दहा मिनिटांच्या अलीकडं पडलं होतं. फिल्म त्याच आठवड्यात पूर्ण झाली, शंभर टक्के, एकदापण न थांबता. मी कॉलेजला मेल केला. त्यांचं उत्तर आलं की तारीख गेली, पुढच्या वर्षी पाठवा. दोन ओळी.

मला अजून राग येतो आणि तो कोणावर काढायचा ते ठरत न्हाई. पप्पांनी एक शब्द आणला, जसा मिळाला तसा. शकीलभाईंनी बापाचा शब्द वापरला. आईनं पाणी वाचवलं. प्रत्येकजण बरोबर होता आणि मशीन पण बरोबर होती. मीच एक फोन करायचा होता. भाई, काय अर्थ न्हाई? कशात? एवढंच विचारायचं होतं. ती रॅम शंभर वेळा काढून बसवली मी, आणि एक शब्द उलटून पाह्यला न्हाई.

पप्पा कधी माफी मागत न्हाईत, ती त्यांची पद्धत न्हाई. त्या मे महिन्यात एका रविवारी त्यांनी परसात खड्डा खणला, कमरेएवढा, कोळसा आणि मीठ आणून थर लावले, नवीन पाईप गाडला. भर उन्हात, डोक्याला टॉवेल. मी पाणी घेऊन गेले तर घाम पुसत म्हणले, "डी.एड.चा फॉर्म पुढच्या वर्षी पण निघतो." आणि परत खणायला लागले.

सत्तर टक्के झालं.

आत्ता पप्पांनी कूलर लावला. पंपाचा आवाज आला आणि मी टाईप करता करता थांबले, आधी बल्बकडं बघितलं, मंग पडद्याकडं. काही झालं न्हाई. नवीन गवताचा वास सुटलाय. फिल्म तीच आहे, फक्त शेवट बदललाय. आता सगळे ड्रम भरून घरी जातात आणि एक जाडा ड्रम, शकीलभाईंची खाला, मागं थांबतो, इकडंतिकडं बघतो, आणि थोडं पाणी जमिनीत सांडून जातो.

आता खांबावरून दोन्ही वायरी येतात, खाली कोळसा आहे, मीठ आहे. पाण्याची तशी गरज न्हाई, मी आईला चारदा सांगितलंय. परवा टँकर येईल, तोवर ड्रम अर्धाच आहे. तरी आत्ता परसातून बादलीचा आवाज आला, आणि आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राह्यली, पडद्यावरचा आकडा तिला लांबून दिसत न्हाई म्हणून डोळे बारीक करून.

"चालू दे तुझं," ती म्हणली. "अर्थाला पाणी घातलंय."